उत्तरसूचीतला चंद्र

"असा धरायचा सर, चंद्राच्या अंगाला. आन् मंग एक डोळा झाकायचा."

माझ्या हातात लिंबाएवढा मातीचा गोळा होता, चुन्यात बुडवून वाळवलेला. हायस्कुलाच्या मैदानात उभा राहून मी तो पश्चिमेकडं हात लांब करून धरला होता आणि माझ्या कोपरापाशी उभी असलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी मला हुकूम सोडत होती. सकाळचे साडेनऊ वाजले होते. ऊन पाठीवर येत होतं. मी एक डोळा झाकला. समोर डोंगराच्या बऱ्याच वर, निळ्या आकाशात, अर्धा चंद्र होता. फिकट, पण चांगला स्वच्छ. आणि त्याच्या शेजारी माझ्या बोटांत धरलेला गोळाही बरोबर अर्धाच उजळलेला होता. ज्या बाजूनं चंद्र उजळ, त्याच बाजूनं गोळा.

"दिसलं?" तिनं विचारलं.

"दिसलं."

"ऊन येकच हाय न्हवं सर. गोळ्यावर बी त्येच, चंद्रावर बी त्येच. मंग येगळं कसं दिसंल?"

मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो. चंद्राच्या कलांची आकृती मी परीक्षेत तीनदा काढली होती आणि तिन्ही वेळा पूर्ण गुण घेतले होते. पण मला कुणी असं उन्हात उभं करून हातात गोळा दिला नव्हता. मी तिला शाबासकी दिली. नाव विचारलं.

"मायाक्का बिरा लेंगरे. चौथी. बिराजवाडी."

मागून तिच्या बाई आल्या. ऐवळे बाई. पन्नाशीच्या, सुती साडी, हातात पिशवी, पिशवीत असे आणखी चार-पाच गोळे. बिराजवाडीची शाळा त्या एकट्याच चालवत. "हे गोळे पोरांनी केलेत," त्या म्हणाल्या. "वस्तीवर टीव्ही नाही, चित्रं नाहीत. पण चंद्र आहे, ऊन आहे, माती आहे. म्हटलं तेवढ्यावर भागवू."

मायाक्का पुढं पळाली तसा त्यांनी आवाज खाली घेतला. "मगदूम सर, आज हिचा पहिला नंबर यायला पाहिजे हो. बाप मेंढरं घेऊन नदीकाठाला गेलाय, बिऱ्हाड घेऊन. हिला मी तिच्या आत्याकडं ठेवून घेतलंय. तो म्हणाला, पुण्याला जायला निवड झाली तर राहू दे, नाहीतर धाकटी पोरं सांभाळायला मला ती पाहिजे. मी कबूल केलंय."

"येईल की," मी म्हणालो.

हे सोळा-सतरा वर्षांपूर्वीचं. कर्नाटकाच्या सीमेला टेकलेला आमचा कोरडा तालुका. नाव सांगत नाही. मी तेव्हा शिक्षणसेवक होतो. तीन वर्षं मानधनावर काम करायचं, मग वरिष्ठांचा अहवाल चांगला गेला तर नोकरी कायम. माझे पाच महिने उरले होते. त्या वर्षी चौथीच्या मुलांना ग्रह, उपग्रह, तारे, धूमकेतू यांची ओळख व्हावी म्हणून 'खगोल ओळख स्पर्धा' निघाली होती. प्रत्येक तालुक्यातून पहिला येणाऱ्या एका विद्यार्थ्याला दोन दिवस पुण्याला नेऊन तारांगण दाखवणार होते. आमच्या तालुक्यातल्या स्पर्धेचे प्रमुख विस्तार अधिकारी रणनवरे साहेब. प्रश्न त्यांनी स्वतः काढले होते, उत्तरसूचीही स्वतः टाइप करून आणली होती. मला फळ्यावर गुण लिहायचं काम होतं.

बारा शाळांची बारा मुलं हायस्कुलाच्या सभागृहात पुढच्या बाकांवर बसली. मागं दोनशेभर विद्यार्थी, त्यांचे शिक्षक. व्यासपीठावर साहेब, हायस्कुलाचे मुख्याध्यापक, एक पाहुणे. फळा व्यासपीठाच्या कडेला, आणि फळ्याला लागून एक मोठी खिडकी, पश्चिमेची. खिडकीतून डोंगर दिसत होता आणि डोंगराच्या वर तो अर्धा चंद्र. मी खडू घेऊन उभा होतो तिथून तो सरळ डोळ्यासमोर होता.

पहिल्या फेरीतच एक भानगड झाली. "सूर्यमालेत ग्रह किती?" असा प्रश्न तालुक्याच्या गावातल्या एका मुलाला आला. तो म्हणाला, आठ. साहेबांनी उत्तरसूची पाहिली. "चूक. नऊ." त्या मुलाचे सर लगेच उठले आणि वर्तमानपत्राचं एक कात्रण घेऊन व्यासपीठावर गेले. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढून वर्ष उलटलं होतं, त्याची ती बातमी. साहेबांनी ती दोनदा वाचली. मुख्याध्यापकांनी वाचली. पाहुण्यांनी चष्मा लावून वाचली. मग साहेबांनी खिशातलं पेन काढून उत्तरसूचीत नऊचे आठ केले आणि मला म्हणाले, "दोन गुण लिहा." टाळ्या झाल्या. साहेब हसले नाहीत. दोनशे मुलांसमोर आपलं उत्तर खोडावं लागलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून बराच वेळ गेलं नाही.

मायाक्कानं तोवर सगळी उत्तरं बरोबर दिली होती. मंगळाचा रंग, शनीची कडी, तारा आणि ग्रह यांतला फरक. फरक सांगताना ती म्हणाली, "तारा सोताच्या उजेडावर जगतो, ग्रह दुसऱ्याच्या," आणि सभागृहात हशा पिकला, पण गुण मिळाले. गावातला तो मुलगा आणि ती, दोघं बरोबरीनं पुढं चालले होते. तिसऱ्या फेरीत, पावणेअकराच्या सुमाराला, तिच्या वाट्याला प्रश्न आला.

"चंद्र आपल्याला केव्हा दिसतो?"

"रातचा बी दिसतो, दिसा बी दिसतो. तिथीवर हाय," मायाक्का म्हणाली.

साहेबांनी कागदावरून नजर वर केली. "एकच उत्तर दे, बाळ. रात्री की दिवसा?"

"दोन्ही."

"चूक. चंद्र रात्री दिसतो."

सभागृहात लगेच हशा झाला. मोठी माणसं हसली म्हणून मुलं हसली. मायाक्का मात्र गोंधळली नाही. समोरच्याला ऐकू गेलं नसावं अशा समजुतीनं ती जरा मोठ्यानं म्हणाली, "आत्ता बी हाय सायेब. भायेर. डोंगरावर."

"खाली बस."

"ह्या सरांनी बी बगितलाय सकाळी. गोळा धरून." तिनं माझ्याकडं बोट केलं.

सगळं सभागृह माझ्याकडं वळलं. साहेबही वळले. "काय मगदूम?"

खिडकी माझ्या डाव्या हाताला होती. मान वळवायचीही गरज नव्हती. चंद्र मला दिसत होता. मी नुसतं 'हो साहेब' म्हणायचं होतं. दोन शब्द. साहेबांच्या नजरेत राग नव्हता, एक प्रकारची वाट पाहणं होतं. मघाशी एकदा त्यांना खोडावं लागलं होतं. आता आणखी एकदा, आणि तेही त्यांच्या हाताखालच्या, अजून कायम न झालेल्या माणसाच्या तोंडून?

"मी फळ्याचं काम बघत होतो, साहेब," मी म्हणालो.

आजही ते वाक्य आठवलं की मला स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटतं. पण तेव्हा मला हायसं वाटलं. हे कबूल करायला हवं. साहेबांनी मान हलवली आणि प्रश्न पुढच्या मुलाकडं गेला. तो गावातलाच मुलगा होता. त्यानं खिडकीकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं आणि म्हणाला, "रात्री." मी त्याच्या नावापुढं एक जादा गुण लिहिला आणि लेंगरे या नावापुढं शून्य काढलं.

ऐवळे बाई मागून चालत व्यासपीठापर्यंत आल्या. त्या ओरडल्या नाहीत. "साहेब, व्हरांड्यात चार पावलं या. चंद्र दिसतोय. पोरगी खोटं बोलत नाही."

"बाई, स्पर्धा चालू आहे."

"मघाशी सरांचं कात्रण तुम्ही वाचलंत की. तेव्हाही स्पर्धा चालूच होती."

"तो छापील पुरावा होता. तुमच्याकडं चंद्राचं कात्रण आहे का?"

पुन्हा हशा. पाहुणेसुद्धा हसले. बाई तशाच उभ्या राहिल्या. "कात्रण कशाला पाहिजे? चंद्रच आहे. मान वर केली की झालं."

त्या हटत नाहीत हे पाहून साहेबांनी एकदम सूर बदलला. समजुतीनं बोलायला लागले. "हे पाहा, अन्याय कुणावर व्हायचा नाही. स्पर्धा संपली की आपण सगळे, मुलांसकट, मैदानात जाऊन पाहू. चंद्र दिसला तर दोन गुण देऊ. मग तर झालं?"

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. बाई मागं जाऊन बसल्या.

सव्वाअकराला चहासाठी स्पर्धा थांबली. साहेबांनी मला मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं. खोलीत आम्ही दोघंच. साहेब कपबशीत चहा ओतत म्हणाले, "मगदूम, तुम्ही बी.एस्सी. ना? मग मला सांगा, आज चंद्र किती वाजेपर्यंत राहील?"

भिंतीवर कॅलेंडर होतं. मी तिथी पाहिली. वद्य अष्टमी. "काल मध्यरात्रीनंतर उगवला असणार साहेब, म्हणजे दुपारी साडेबाराच्या सुमाराला मावळेल. पण पश्चिमेला डोंगर आहे. बारालाच दिसेनासा होईल." मग मी आपणहून पुढं म्हणालो, "तेव्हा बाराच्या आत बाहेर गेलं पाहिजे साहेब, म्हणजे सगळ्यांना दिसेल." मला वाटलं होतं, ते त्यासाठीच विचारतायत. आपल्या अभ्यासाचा शेवटी उपयोग झाला असंसुद्धा वाटलं.

"अच्छा," साहेब म्हणाले. "बारा."

चहानंतरची फेरी वीस मिनिटांत संपली. पावणेबाराला माझ्या फळ्यावर शेवटचे आकडे होते. गावातला मुलगा एकोणीस. मायाक्का अठरा. ते दोन गुण मिळाले की वीस. ऐवळे बाई उठून दाराशी गेल्या, मुलं उठायला लागली. तेवढ्यात साहेबांनी माइक हातात घेतला.

"कुणी जाऊ नका. आधी पाहुण्यांचा सत्कार."

सत्कार झाला. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. मग मुख्याध्यापकांचा सत्कार. मग पाहुणे बोलायला उभे राहिले. साखर कारखान्याचे कुणी संचालक होते ते. विज्ञान, देशाची प्रगती, अंतराळात जाणारी यानं, आपल्या मातीतली लेकरं. चांगलं पंधरा मिनिटं. मी खिडकीतून बघत होतो. चंद्र डोंगराच्या माथ्यापासून चार बोटं वर होता. मग तीन. मी व्यासपीठाच्या मागून साहेबांच्या खुर्चीशी गेलो आणि वाकून म्हणालो, "साहेब, बारा वाजत आले."

"माहीत आहे."

"मग डोंगराआड जाईल साहेब."

त्यांनी मान वळवली नाही. पाहुण्यांकडं पाहत, चेहऱ्यावर ऐकत असल्याचं हसू तसंच ठेवून ते हळू म्हणाले, "तुमचा अहवाल मार्चमध्ये माझ्याकडूनच जायचाय ना? जागेवर जाऊन उभे राहा."

तेव्हा मला कळलं की त्यांनी चहा पिताना मला वेळ कशासाठी विचारली होती.

मी जागेवर जाऊन उभा राहिलो. खडू हातात होता. पाहुण्यांनंतर साहेब स्वतः बोलले. मुलांनी चौकस असावं, प्रश्न विचारावेत, असं बरंच. दारात ऐवळे बाई उभ्या होत्या. त्या एकदा बाहेर बघत, एकदा व्यासपीठाकडं. एकदा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी फळ्याकडं तोंड फिरवून आकडे पुन्हा एकदा गिरवले.

सव्वाबाराला साहेब म्हणाले, "चला. आता पाहू या चंद्र."

दोनशे मुलं मैदानात आली. साहेबांनी मायाक्काला मधोमध उभं केलं. खांद्यावर हातसुद्धा ठेवला. "हं बाळ. दाखव सगळ्यांना. कुठं आहे?"

तिनं डोंगराकडं पाहिलं. मग पायऱ्यांवर चढून पाहिलं. मग खाली उतरली. "मावळला," ती म्हणाली.

"म्हणजे दिसत नाही."

"मगाशी हुता."

"मघाशी." साहेब सगळ्या मुलांकडं वळले. "मुलांनो, लक्षात ठेवा. विज्ञानात सिद्ध करून दाखवावं लागतं. नुसतं 'होता' म्हणून चालत नाही."

मुलं हसली, शिक्षक हसले, आणि मायाक्का त्या सगळ्यांच्या मध्ये उभी राहून विचार करत होती. वेळ चुकली एवढीच अडचण आहे, असं तिला अजून वाटत होतं. ती म्हणाली, "सायेब, उद्या या. उद्या घटकाभर जास्त थांबतोय त्यो. परवा त्याहून जास्त."

साहेबांनी तिच्या डोक्यावर थोपटलं आणि पहिल्या क्रमांकाचं नाव पुकारलं.

मी बोललो नाही. तेव्हाही नाही. पोरगी सांगत होती ते अक्षर न अक्षर खरं होतं, आणि त्या मैदानात ते खात्रीनं माहीत असलेली निदान चार माणसं होती. ती स्वतः, तिच्या बाई, साहेब आणि मी.

दुसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र बाईंनी घेतलं नाही. मुलीचा हात धरून त्या फाटकाकडं निघाल्या. माझ्यापाशी आल्यावर थांबल्या. "तुमच्या खिडकीतून दिसत होता सर," त्या म्हणाल्या. "तुम्ही सारखे तिकडंच बघत होता. मी पाहिलंय." एवढंच. मायाक्का बाईंच्या पलीकडून माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. तिला काहीतरी समजत नव्हतं आणि ते मी समजावून सांगेन असं बहुधा तिला वाटत होतं.

सोमवारी मी एक निवेदन लिहिलं. स्पर्धेच्या दिवशी सकाळी साडेनऊपासून बारापर्यंत चंद्र दिसत होता, तो मी स्वतः पाहिला, तो केव्हा मावळेल हे साहेबांनी मला विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं, मैदानात जाण्याची वेळ त्यानंतरची ठेवण्यात आली. तेव्हा निकाल दुरुस्त करावा. कार्यालयात आवक-जावक बघणाऱ्या लिपिकानं तो कागद वाचला, माझ्याकडं पाहिलं. "शिक्का मारू का नक्की?" "मारा," मी म्हणालो. हे मी फुशारकीनं सांगत नाही. दोन दिवस उशिरा लिहिलेला कागद होता तो. खिडकीपाशी दोन शब्दांत झालं असतं ते.

उत्तर आलं तीन आठवड्यांनी, आणि ते निवेदनाला नव्हतंच. ती कारणे दाखवा नोटीस होती. मजकूर मला पाठ आहे. 'खगोल ओळख स्पर्धेच्या वेळी आपण नेमून दिलेले काम सोडून आकाशात पाहत होता, असे आपल्याच निवेदनावरून दिसून येते. तरी आपणांवर कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.'

पुढं काय झालं तेही सांगून टाकतो. मला कायम व्हायला इतरांपेक्षा अकरा महिने जास्त लागले. साहेब वर्षभरात बढतीवर गेले. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत तो प्रश्न नव्हता. त्या जागी 'पृथ्वीला किती चंद्र आहेत?' असा प्रश्न होता. उत्तर, एक. त्यासाठी कुणाला खुर्ची सोडून बाहेर यावं लागत नव्हतं.

नोटीस आली त्याच आठवड्यात ती घेऊन मी बिराजवाडीला गेलो. ऐवळे बाईंना ती दाखवायची होती. का, ते नीट सांगता येणार नाही. त्या वर्गात शिकवत होत्या. अठरा मुलं होती. मायाक्का नव्हती.

"बाप येऊन घेऊन गेला," बाई म्हणाल्या. "निकाल लागला त्याच्या चौथ्या दिवशी. म्हटला, पैला नंबर न्हाई आला न्हवं? मी शब्द दिला होता. कुठल्या तोंडानं अडवणार?"

त्यांनी नोटीस वाचली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. मग विचारलं, "खुलासा लिहिलाय?"

"लिहिलाय. उद्या देणार."

"प्रत आहे?"

"आहे."

"मग चला माझ्याबरोबर. रविवारी. मला एकटीला तो दाद देणार नाही."

रविवारी एसटीनं तीन तास नदीकाठाला उतरत गेलो. ऊस तुटलेल्या एका शेतात बिरा लेंगरेचं बिऱ्हाड होतं. जाळीच्या कुंपणात दीडशे-दोनशे मेंढरं बसवलेली, शेताला खत मिळावं म्हणून. एक तट्टू, तीन दगडांची चूल. मायाक्का काखेत भाऊ घेऊन उभी होती आणि दुसरा तिच्या परकराला धरून. बाईंना बघून ती हसली. मला बघून तिनं मान फिरवली आणि भावाचं नाक पुसायला लागली.

बिरानं घोंगडं पसरून आम्हाला बसवलं. उंच, वाळलेला माणूस. बाईंशी अदबीनं बोलला, पण बाईंनी विषय काढल्यावर त्याचा आवाज घट्ट झाला.

"बाई, तुमचा मान हाय. पर एक सांगा. चंद्र दिसा दिसतो हे शिकाय म्या पोरगी साळंत घातली नव्हती. ते तिला मेंढरामागं बी कळत हुतं. साळंत जाऊन काय शिकली? तर दिसतंय ते न्हाई म्हनायचं. का, तर सायेब न्हाई म्हनतोय. दोनशे पोरं हसली तिला. बाजारात मला इचारत्यात लोक, बिरा, तुजी पोरगी चंद्राचं काय बोलली म्हनं. असल्या साळंत कशाला ठेवू मी तिला?"

"ती नाही म्हणाली नाही, बिराअण्णा," बाई म्हणाल्या. "ती शेवटपर्यंत आहे असंच म्हणाली."

"मंग न्हाई कोन म्हनलं?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तो प्रश्न त्यांनी तसाच माझ्यापुढं पडू दिला.

"मी," मी म्हणालो.

बिरानं माझ्याकडं नीट पाहिलं, पहिल्यांदाच. मग मी त्याला सगळं सांगितलं. सकाळचा गोळा, खिडकी, फळ्याचं काम, चहाच्या वेळी विचारलेली वेळ, कायम न झालेली नोकरी. सांगताना माझी नजर घोंगड्यावर होती. मायाक्का ऐकत होती. ती हळूहळू जवळ येऊन बापाच्या पाठीशी उभी राहिली.

"हे आता कशापायी सांगताय?" बिरानं विचारलं.

मी खिशातून दोन्ही कागद काढले. त्याला वाचता येत नव्हतं. मी नोटीस वाचून दाखवली. 'आकाशात पाहत होता' हे शब्द आले तसं त्यानं मला थांबवलं. "परत वाचा." मी परत वाचलं.

"बगितल्याबद्दल?"

"हो."

"आन् तुमी काय लिवलं?"

मी खुलासा वाचला. तो लांब नव्हता. 'मी आकाशात पाहत होतो हे खरे आहे. चंद्र दिसत होता. विद्यार्थिनी मायाक्का बिरा लेंगरे हिने दिलेले उत्तर बरोबर होते. तिने साक्षीला माझे नाव घेतले तेव्हा मी भीतीपोटी खोटे बोललो. कारवाई करायची असेल तर ती त्याबद्दल करावी.' खाली सही, तारीख.

"हे दिलं सायेबाला?"

"शुक्रवारी दिलं. ही पोच."

"नोकरी जाईल की."

"जाईल कदाचित."

मेंढरांत एक कोकरू ओरडत होतं. मायाक्कानं धाकट्याला काखेतून खाली ठेवलं आणि मला विचारलं, "माजं नाव त्यात लिवलंय?"

मी कागद तिच्यापुढं धरला. तिनं बोट ठेवून वाचलं. आपलं नाव, बापाचं नाव, आडनाव, आणि मग पुढचं, एकेक शब्द, अडखळत. 'बरोबर होते' पाशी तिचं बोट थांबलं. तिनं ते दोन शब्द मोठ्यानं वाचले नाहीत. कागद घडी होती तशी घालून माझ्या हातात दिला.

बिरा उठला. धोतर झटकलं. मेंढरांकडं पाहत, आमच्याकडं पाठ करून त्यानं विचारलं,

"बाई, चौथीची परीक्षा कवा हाय?"